वाचवलेला मनोरा आणि बुडवलेले गाव

उन्हाळा चढला आणि धरणांचे पाणी उतरले की दरवर्षी काही ठरावीक छायाचित्रे हातोहात फिरू लागतात. उजनीच्या गाळातून पळसदेवच्या पळसनाथाचे शिखर वर येते, गोव्यात साळावलीच्या जलाशयातून कुर्डीचे सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, आणि त्यांच्या जोडीला हमखास एक परदेशी चित्र असते. मागे बर्फाचे डोंगर, पुढे निळाशार तलाव आणि पाण्यातून सरळ वर आलेला एक चौकोनी दगडी मनोरा. खाली चर्च नाही, घरे नाहीत, रस्ता नाही. इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांजवळ, रेशेन खिंडीपाशी असलेल्या ग्राउन या गावचा हा मनोरा. तो १३५७ सालचा आहे. चित्राखाली वाद ठरल्याप्रमाणे रंगतो. एका बाजूला वारसा बुडाला म्हणून हळहळणारे असतात. दुसऱ्या बाजूला, धरणे झाली म्हणून तुमच्या घरात दिवे लागतात, जुन्या दगडांसाठी गळे काढू नका, असे बजावणारे असतात. निदान मनोरा तरी ठेवला, आपल्याकडे तेवढेही करत नाहीत, असे म्हणून मध्यस्थी करणारेही कोणीतरी निघतेच.

माझे म्हणणे असे की हे तिन्ही पक्ष एकाच चुकीच्या जागी उभे राहून भांडत आहेत, कारण तिघेही मनोऱ्याकडे उरलेली वस्तू म्हणून पाहतात. ग्राउनचा मनोरा उरलेला नाही. तो ठेवलेला आहे. १९५० च्या जुलै महिन्यात त्याला चिकटून असलेले सेंट कॅथरिनचे चर्च सुरुंग लावून पाडले गेले, गावातली घरे पाडली गेली, आणि मनोऱ्याला मात्र स्मारकसंरक्षणाच्या नियमामुळे हात लावला गेला नाही. म्हणजे काय वाचवायचे आणि काय बुडवायचे हे कोणीतरी कागदावर ठरवले होते. त्यामुळे हा मनोरा शासनाच्या संवेदनशीलतेचा दाखला ठरत नाही. ती एक साक्ष आहे : वाचवणे शक्य होते, जिथे वाचवायची इच्छा झाली तिथे ते केले गेले, आणि बाकीच्यांच्या बाबतीत ती इच्छा झाली नाही. त्याला जागेवरच, पाण्यातच ठेवले पाहिजे, असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

आधी घडले काय ते नीट पाहू, कारण चित्राखालच्या वादात तेवढेच कोणी सांगत नाही. ग्राउन आणि रेशेन ही फिन्शगाऊ खोऱ्याच्या माथ्यावरची, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरची जर्मनभाषक शेतकऱ्यांची गावे. हा दक्षिण टिरोलचा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. १९१९ च्या तहाने तो इटलीकडे गेला. गावांच्या जवळ मुळात दोन नैसर्गिक तळी होती. त्यांचे पाणी अडवून वीज करायची कल्पना जुनीच होती, आणि १९२० च्या आराखड्यात पाण्याची पातळी ५ मीटरने वाढवायची असे ठरले होते. तेवढी वाढ गावांना सोसण्यासारखी होती. १९३९ मध्ये खते आणि रसायने बनवणाऱ्या मोन्तेकातिनी या बड्या कंपनीने नवा आराखडा आणला. त्यात ५ मीटरचे २२ मीटर झाले. दोन तळ्यांचे एक मोठे जलाशय होणार होते आणि ग्राउन पूर्ण, तर रेशेनचा मोठा भाग पाण्याखाली जाणार होता. त्याची नोटीस कायद्याने सांगितलेल्या मुदतीपुरती लावली गेली. ती इटालियन भाषेत होती. ज्यांची घरे जाणार होती त्यांची भाषा जर्मन होती.

या नोटिशीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. १९२० च्या दशकात मुसोलिनीच्या राजवटीने या मुलखातल्या जर्मन शाळा बंद केल्या होत्या, गावांची नावे बदलली होती. ग्राउनचे सरकारी नाव कुरोन झाले होते. लोक मुलांना चोरून, तळघरांत आणि गोठ्यांत, जर्मन शिकवत होते. ज्या १९३९ मध्ये धरणाचा वाढीव आराखडा आला, त्याच १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्यातल्या करारानुसार इथल्या प्रत्येक कुटुंबाला निवड करायला सांगितले गेले : जर्मन राहायचे असेल तर घरदार सोडून जर्मनीत जा, इथेच राहायचे असेल तर इटालियन व्हा. बहुसंख्यांनी जाण्याचे लिहून दिले, जरी प्रत्यक्षात युद्धामुळे पुष्कळजण गेलेच नाहीत. भाऊ भावाशी, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. अशा वेळी परक्या भाषेतली एक नोटीस कोण वाचणार, कोण तिचा अर्थ लावणार आणि कोण मुदतीच्या आत हरकत घेणार? कायद्याने मागितली तेवढी प्रसिद्धी झाली होती. कायद्याचे पोट भरले, गावाला पत्ता लागला नाही. हा योगायोग होता की हिशेब, हे मी सांगू शकत नाही. पण ज्या गावातले लोक कागदोपत्री निघूनच जाणार आहेत, त्या गावाच्या हरकतीची फिकीर कोणाला वाटली नसेल, एवढे म्हणायला हरकत नाही.

इथे पहिला वजनदार आक्षेप येतो आणि तो मान्य केला पाहिजे. इटलीकडे फारसा कोळसा नव्हता. आल्प्सच्या पाण्याला तिथे ‘पांढरा कोळसा’ म्हणत, आणि ते काव्य नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या देशाची बहुतांश वीज पाण्यापासूनच येत होती. युद्धाने मोडलेल्या देशाला १९४७ मध्ये वीज हवी होती, कारखाने हवे होते, शेतीला खत हवे होते. आपल्याकडेही मुळशीचे पाणी मुंबईला वीज देते, कोयना महाराष्ट्राचा कणा आहे, उजनीमुळे सोलापूर जिल्ह्याचा नकाशा बदलला. ज्याच्या घरी नळाला पाणी आणि भिंतीला बटण आहे त्याने धरण या गोष्टीलाच शिव्या देऊ नयेत. मीही देत नाही.

पण ग्राउनमध्ये प्रश्न ‘धरण हवे की नको’ असा होता कुठे? ५ मीटरच्या आराखड्यातही धरण होते, वीज होती. वाद होता तो ५ आणि २२ यांमधल्या १७ मीटरांचा. त्या १७ मीटरांत १६३ घरे होती आणि ५२३ हेक्टर जमीन होती. जेव्हा धरणाचा समर्थक ‘विकासासाठी त्याग लागतोच’ असे म्हणतो, तेव्हा त्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा की त्याग किती मीटरचा आणि तो आकडा कोणी ठरवला. विकास हा शब्द घाऊक आहे. बुडीत मात्र नेहमी किरकोळीने, मीटरामीटराने मोजले जाते. धरणाची पूर्ण संचय पातळी एका मीटरने वर-खाली झाली की कोणाचे तरी गावठाण आत येते किंवा बाहेर राहते, हे आपल्याकडच्या कोणत्याही धरणग्रस्ताला विचारा. आराखड्यावर ती एक बारीक रेघ असते. ती रेघ निसर्गाने ओढलेली नसते, आणि तिला राष्ट्रहित म्हटले की तिच्यावर चर्चा करण्याचा मार्गच बंद होतो.

दुसरा आक्षेप असा की हे पाप फॅसिस्ट राजवटीचे होते, लोकशाहीत असे घडले नसते. हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण तारखा त्याच्या बाजूच्या नाहीत. १९४० मध्ये सुरू झालेले काम युद्धामुळे रेंगाळले. १९४५ मध्ये ती राजवट संपली, १९४६ मध्ये इटली प्रजासत्ताक झाला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये ऑस्ट्रियाशी करार होऊन दक्षिण टिरोलच्या जर्मनभाषकांना समान हक्कांची हमी दिली गेली. आणि १९४७ मध्ये त्याच प्रजासत्ताकात मोन्तेकातिनीने २२ मीटरचाच आराखडा पुढे रेटला. पैसा अपुरा होता तो स्विस गुंतवणूकदारांकडून आला. ग्राउनचे धर्मगुरू आल्फ्रेड रीपर यांनी गावकऱ्यांना एकत्र केले, अर्जविनंत्या केल्या, रोममध्ये पोप पायस बारावे यांच्यापर्यंत गाऱ्हाणे नेले. रेघ हलली नाही. हुकूमशाहीने ओढलेल्या रेघेवर लोकशाहीने शाई फिरवली, एवढेच झाले.

हे वाचून मराठी माणसाला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर १८९४ चा भूसंपादन कायदा होता. तो परक्या सरकारने केला होता आणि ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे दोन शब्द उच्चारले की त्यात शेतकऱ्याच्या नकाराला किंमत उरत नसे. जान किंवा जमीन, असे म्हणणाऱ्यांना तुरुंगात जावे लागले आणि धरण झाले. पुढे देश स्वतंत्र झाला. आणि तोच कायदा, दुरुस्त्यांसह, २०१३ चे वर्ष संपेपर्यंत आपल्या डोक्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतरची ६६ वर्षे! कोयना, उजनी, जायकवाडी, साळावली : आपल्या बहुतेक मोठ्या धरणांखालची जमीन परक्यांनी केलेल्या कायद्याने, पण आपल्याच माणसांनी घेतली. महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला, असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य, ही नोंद अभिमानाने घेतलीच पाहिजे. पण तोवर कोयनेचे पाणी केव्हाच भरले होते आणि तिथल्या धरणग्रस्तांच्या नातवंडांना आजही जमिनीच्या हक्कासाठी आंदोलनाला बसावे लागते. तेव्हा राजवटीचे नाव बदलले म्हणून बुडणाऱ्याचा अनुभव बदलतो, असे मानायला इतिहासात फारसा आधार नाही.

आता मनोऱ्याकडे वळू. वारसाप्रेमी म्हणतात, चर्च पाडले ते वाईटच, पण सहाशे वर्षांची वास्तू जपली गेली हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. नियम होता म्हणून ती वाचली आणि असे नियम असलेच पाहिजेत. यातले उत्तरार्धातले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जुन्या वास्तूंना संरक्षण देणारा कायदा हवा, तो कडक हवा. चित्रातही दिसते की मनोरा जपण्यासारखाच आहे. ओबडधोबड करड्या दगडांच्या भिंती, वरच्या मजल्यांवर बारक्या खांबांनी दुभागलेल्या जोडकमानी खिडक्या, माथ्यावर निमुळते होत गेलेले टोक. रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या गोल कमानींच्या, घडणीची ही साधी, गावच्या ऐपतीची कारागिरी आहे. राजाने बांधलेली वास्तू वाचते यात नवल नसते. गावच्या लोकांनी गावासाठी बांधलेली वास्तू सहाशे वर्षे उभी राहते, तेव्हा तिच्यामागे दर पिढीतल्या कोणीतरी बदललेले छपराचे लाकूड असते, भरलेल्या भेगा असतात, घंटेच्या दोराला लागलेले हात असतात.

पण मग नेमका प्रश्न असा की सहाशे वर्षांचे वय हा जर संरक्षणाचा आधार असेल, तर तो दगडापुरताच का? ज्यांनी मनोरा बांधला, ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्याच्या घंटेवर पेरणी आणि कापणी केली, त्यांचे तिथले वास्तव्य मनोऱ्याइतकेच जुने होते. कायद्यात एका भिंतीला ‘तू जुनी आहेस म्हणून तुला हात लावता येणार नाही’ असे म्हणायची सोय होती. त्या भिंतीच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला तसे म्हणायची नव्हती. १८ जुलै १९५० रोजी मनोऱ्यातल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि आठवडाभरात चर्च उडवले गेले. सुरुंग लावणाऱ्यांनी एकाच इमारतीचा एक भाग पाडला आणि दुसऱ्याला धक्का लागणार नाही याची काळजी घेतली. ती काळजी घेता येते, हे त्यांनीच सिद्ध करून ठेवले. याहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

ही गोष्ट ग्राउनपुरती नाही. १९६० च्या दशकात नाईलवर आस्वानचे मोठे धरण झाले, तेव्हा अबू सिंबेलची देवळे पाण्याखाली जाणार म्हणून सगळे जग कळवळले. युनेस्कोच्या हाकेला देशोदेशींनी पैसे दिले, पर्वतात कोरलेली ती मंदिरे कापून, ठोकळे वर नेऊन पुन्हा जुळवली गेली. १९६८ पर्यंत हे काम पुरे झाले. मानवी कौशल्याचा तो चमत्कार आहे आणि मला त्याचे मोल कमी करायचे नाही. पण त्याच धरणासाठी इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नुबियन लोकांना नदीकाठ सोडून कोम ओम्बोच्या परिसरातल्या वसाहतींत जावे लागले, हे किती जणांच्या स्मरणात आहे? देवळांसाठी नदीचा तोच काठ, फक्त जरा वरचा, शोधला गेला. माणसांना नदीपासून दूर नेले गेले. गोव्यात साळावलीच्या वेळी कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड न दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभे केले, ते फार चांगले काम झाले. पण ज्या गावात मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला, ज्या गावाचे नाव त्यांच्या आडनावातून हिंदुस्थानी संगीतात अजरामर झाले, ते गाव मात्र वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असते. दर मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा कुर्डीची माणसे, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही, परत येतात, आपापल्या देवळात आणि चॅपेलपाशी उत्सव करतात, आणि पाऊस आला की निघून जातात. दगड हलवले की ते पुन्हा जुळतात. गाव हलवले की जुळतेच असे नाही, कारण गाव म्हणजे कोणाच्या शेजारी कोण राहते, कोणत्या बांधावरून कोण जाते, कोणत्या विहिरीवर कोण भेटते, याची शेकडो वर्षांत बसलेली घडी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. तो असा : आज ग्राउन पुन्हा वसलेले आहे. तलावाच्या काठावर नवे गाव आहे, नवे चर्च आहे. मनोरा पाहायला जगभरातून लोक येतात, हिवाळ्यात तलाव गोठतो तेव्हा बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात, वाऱ्यावर पतंग सोडून बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळतात. बुडालेल्या गावाच्या वारसांचीच हॉटेले त्यावर चालतात. त्यांना त्यांचे दुःख आठवून देणारे तुम्ही आम्ही कोण? जखम भरली आहे, ती कोणी उकरू नये.

या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मी खाली मान घालून स्वीकारतो. ज्यांचे गेले त्यांच्या वारसांनी त्यातून काही मिळवले असेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि बाहेरच्याने त्यांना शोक कसा करावा ते शिकवू नये. पण उरलेला अर्धा भाग तपासून पाहावा लागतो. जखम कोणाची भरली? जे काठावर पुन्हा घर बांधू शकले त्यांची. दीड हजार मीटर उंचीवर सपाट कुरण ही सगळ्यांत मौल्यवान गोष्ट असते. तिथल्या लांब हिवाळ्यात गुरे जगतात ती उन्हाळ्यात कापून साठवलेल्या गवतावर. घर डोंगराच्या उतारावरही बांधता येते, पण ५२३ हेक्टर सपाट जमीन उतारावर तयार करता येत नाही. घर मिळूनही ज्यांच्या हातात जमीन उरली नाही, त्या शेतकऱ्यांना मुलूख सोडावा लागला, आणि ते जिथे गेले तिथे कोणतेही हॉटेल त्यांची वाट पाहत नव्हते. तलावाकाठी आज जे दिसते ते राहू शकलेल्यांचे समाधान आहे. गेलेल्यांचे मत घ्यायला काठावर कोणीच नाही, आणि पाहणाऱ्याच्या हिशेबातून ते आपोआप गळतात. जे दिसतात त्यांच्यावरून सर्वांचा निष्कर्ष काढणे, ही पुनर्वसनाच्या प्रत्येक चर्चेत होणारी चूक इथेही होते.

शिवाय ‘उकरू नये’ म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की मनोऱ्याची आठवण कोणीच पुसत नाही, फक्त बदलून ठेवली जाते. हिवाळ्याच्या रात्री तलावाखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात, अशी एक आख्यायिका तिथे सांगतात, आणि पर्यटकांना ती फार आवडते. घंटा तर १८ जुलै १९५० लाच उतरवल्या होत्या. गावात अशी कथा जन्माला आली तर ती मी समजू शकतो. लोक आपले दुःख अशाच रूपात जपतात. पण बाहेरचा माणूस तीच कथा घेऊन जातो आणि नोटिशीची गोष्ट घेऊन जात नाही, तेव्हा एका निर्णयाचे रूपांतर गूढात होते. गूढाला जबाबदार कोणी नसते. निर्णयाला असते. ‘रहस्यमय मनोरा’ हे शब्द मला म्हणूनच खटकतात. त्या तलावात रहस्य काहीच नाही. कंपनीचे नाव माहीत आहे, आराखड्याची वर्षे माहीत आहेत, बुडालेली घरे मोजलेली आहेत. २०२१ च्या वसंतात दुरुस्तीच्या कामासाठी पाणी उतरवले गेले तेव्हा गावच्या भिंती, पायऱ्या, तळघरे उघडी पडली होती, आणि तेव्हाही बातम्यांत ‘हरवलेले गाव सापडले’ असेच म्हटले गेले. ते हरवले कधी होते?

मनोरे न ठेवल्याने काय होते, याचीही उदाहरणे आहेत आणि ती या वादात कोणी आणत नाही. इंग्लंडमध्ये लेडीबावर जलाशयाखाली डर्वेंट नावाचे गाव गेले. त्या गावच्या चर्चचे उंच टोक आठवण म्हणून मुद्दाम ठेवले होते, पण पोहत जाऊन त्यावर चढण्याचा धोका आहे म्हणून १९४७ च्या डिसेंबरात तेही उडवून टाकले. आज तिथला तलाव हा तलाव आहे. त्याने काही गिळले आहे हे सांगणारे पाण्यावर काही नाही. उलट वेल्समध्ये पाहा. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून त्रवेरिन खोऱ्यातले कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव, त्याच्या शाळेसह, टपाल कचेरीसह, चॅपेलसह १९६५ मध्ये बुडवले गेले. ब्रिटिश संसदेत त्याचे विधेयक आले तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी ते मंजूर झाले. तिथे मनोरा ठेवला नाही. पण दूर समुद्राकडच्या रस्त्यालगत एका पडक्या घराच्या भिंतीवर कोणीतरी वेल्शमध्ये दोन शब्द रंगवले : त्रवेरिन लक्षात ठेवा. ती भिंत पाडली गेली, पुन्हा बांधली गेली, शब्द खोडले गेले, पुन्हा रंगवले गेले. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने वेल्सची माफी मागितली. मला त्या दोन शब्दांची ताकद ग्राउनच्या मनोऱ्यापेक्षा जास्त वाटते, आणि याचे कारण सोपे आहे : ती खूण बुडालेल्यांच्या बाजूच्या माणसांनी, त्यांच्या भाषेत केली होती. ग्राउनचा मनोरा ठेवला तो बुडवणाऱ्यांच्या नियमाने. एक खूण बोलते, दुसरीला आपण बोलते करावे लागते.

म्हणूनच, मनोरा काठावर हलवा असे सुचवणाऱ्यांशी, आणि पळसनाथाचे देऊळ उचलून नव्या पळसदेवात नेऊन बांधा असे म्हणणाऱ्यांशी, माझे मत जुळत नाही. त्यांचा हेतू चांगला आहे आणि देवळाची होणारी झीज पाहून जीव तुटतो हेही खरे. एका दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यात मी पळसदेवला गेलो होतो. गाळ वाळून त्याला वितभर रुंदीच्या भेगा पडल्या होत्या, पायाखाली शिंपले कचाकचा मोडत होते, आणि देवळाच्या दगडांवर पाण्याच्या पातळ्यांच्या फिकट रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या, एखाद्या वहीच्या पानासारख्या. सोबतच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी देवळाकडे फार वेळ पाहिले नाही. देवळापासून पावले मोजत ते एका जागी गेले आणि थांबले. तिथे दोन दगडांखेरीज काही नव्हते, आणि तो त्यांच्या उंबरठ्याचा ठाव होता. देऊळ जागेवर होते म्हणून त्यांना पावले मोजता आली. ते देऊळ काठावर नेऊन, रंगरंगोटी करून, भोवती बाग करून उभे केले असते तर ते दर्शनाला अधिक सोयीचे झाले असते; पण बुडालेल्या गावाच्या नकाशातला शेवटचा स्थिर बिंदू नाहीसा झाला असता. ग्राउनच्या मनोऱ्याचेही तेच आहे. तो पाण्यात आहे म्हणूनच पाण्याकडे बोट दाखवतो. त्याची डागडुजी करावी, २००९ मध्ये केली तशी पुन्हापुन्हा करावी. पण त्याला कोरड्या जमिनीवर आणून निरुपद्रवी करू नये.

याला कोणी म्हणेल की मग तुमच्या मते करायचे तरी काय, झालेले धरण फोडायचे? नाही. रेशेनचे धरण फोडा असे मी म्हणत नाही, उजनीचे तर नाहीच. जे अजून व्हायचे आहे त्याच्या कायद्यात या मनोऱ्याचा धडा उतरला पाहिजे, आणि तो काही प्रमाणात उतरलाही आहे. आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन बंधनकारक केले, सूचना स्थानिक भाषेत आणि गावात प्रसिद्ध करायला सांगितले, खाजगी कंपन्यांसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती मागितली. त्या कायद्यावर आल्यापासून ‘फार वेळ खातो’ अशी टीका होते आणि राज्ये आपापल्या परीने त्यातून सवलती काढत राहतात. वेळ लागतो हे खरे आहे. पण ग्राउनची नोटीस आठवून पाहा : तिथेही वेळ वाचवलाच होता. मुदत पाळली, कागद लावला, हरकत आली नाही, काम सुरू. हरकत न येणे म्हणजे संमती, हे समीकरण जिथे चालते तिथे भाषा, मुदत आणि सूचना लावण्याची जागा यांनाच हत्यार करता येते. विदर्भातल्या किंवा सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, जिथे घरात गोंडी, कोरकू किंवा भिली बोलतात, तिथे प्रमाण मराठीतली, कायद्याच्या शब्दांनी भरलेली सूचना ही खरोखर स्थानिक भाषेतली सूचना आहे का? दक्षिण टिरोलच्या इटालियनवर बोट ठेवणाऱ्या आपण मराठी लोकांनी हा प्रश्न टाळता कामा नये. ग्राउनमध्ये आपण बुडणाऱ्यांच्या जागी स्वतःला पाहतो. या पाड्यांवर आपण नोटीस लावणाऱ्यांच्या जागी असतो.

आणि जे होऊन गेले त्याच्याबाबत माझी मागणी छोटी आहे. ग्राउनच्या काठावर, गाड्या लावण्याच्या जागेपासून मनोऱ्याकडे पाहताना, मनोऱ्याच्या वयाइतकेच ठळकपणे दोन आकडे वाचायला मिळावेत : ५ आणि २२, त्यांच्या वर्षांसह. पळसदेवच्या काठावर बुडीत गावठाणाचा जुना नकाशा लावावा, घरांच्या जागांसह. मनोऱ्यावर जर कोणी १९२० च्या आराखड्यातली पाण्याची रेघ रंगवायला गेला, तर त्याला ती रंगवता येणार नाही. ती रेघ मनोऱ्याच्या पायथ्याच्याही खाली आहे.